युशिमाच्या आवारांतील एक वर्ष

श्रोतेहो, मी जन्मभर शाळामास्तर होतों. मॅट्रिक झाल्यावर जो खडू हातीं घेतला तो निवृत्तीच्या दिवशींच खालीं ठेवला. इतिहासाच्या तासाला मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्याचें पाप माझ्या हातून पुष्कळ घडलें आहे. अमुक सालीं अमुक संस्था स्थापन झाली, असें मुलांनीं घडाघडा म्हणून दाखविलें कीं आम्हां मास्तरांचें समाधान होई. परंतु संस्था स्थापन होते म्हणजे नेमकें काय होतें, आणि स्थापना झाल्यावर ती जगते कशामुळें, हें मुलांनीं कधीं विचारलें नाहीं आणि मींहि कधीं सांगितलें नाहीं. राहून गेलेला तो धडा आज आपणांपुढें मांडावा असा हेतु आहे. त्यासाठीं देश घेतों जपान, आणि साल घेतों इ. स. १८७२.

हेंच साल कां, हें आधीं सांगतों. जपानांत मेइजी बादशहांच्या नांवानें नवी राजवट सुरू झाली ती १८६८ सालीं. तत्पूर्वीं अडीचशें वर्षांहून अधिक काळ तोकुगावा घराण्यांतील सेनापति, ज्यांना तिकडे शोगुन म्हणत, तेच सारा कारभार पाहात असत. १८७१ सालीं सरंजामी संस्थानें खालसा झालीं, आणि लगेच पुढल्या वर्षीं नव्या उपक्रमांची एकच झुंबड उडाली. टोकिओंत 'टोकिओ निचिनिचि' हें दैनिक निघालें. 'माइनिचि' या आजच्या प्रख्यात पत्राचें तें पूर्वज होय. १४ ऑक्टोबर रोजीं शिंबाशी ते योकोहामा या २९ किलोमीटरांच्या पहिल्या आगगाडीचें उद्घाटन झालें. तो प्रवास ५३ मिनिटांत होऊं लागला. तोमिओका येथें सरकारनें पॉल ब्रुना या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, कोशांतून रेशीम उकलण्याचीं ३०० पात्रें असलेली गिरणी चालू केली. विद्येचें महत्त्व सामान्य माणसाला पटवून देणारी 'गाकुमोन नो सुसुमे' ही पुस्तिकामाला फुकुझावा युकिचि यांनीं सुरू केली, तीहि याच वर्षीं.

इतकेंच नव्हे, तर या वर्षानें आपलें पंचांगहि बदललें. जपानी कालगणना तोंवर आपल्यासारखीच चांद्र-सौर होती. महिना चंद्राचा, आणि ऋतूंचा मेळ राहावा म्हणून मधून मधून अधिक मास. १८७३ हें वर्ष अधिक मासाचें येणार होतें. सरकारी नोकरांना पगार मासिक पद्धतीनें देण्याचें नुकतेंच ठरलें होतें. तेव्हां अधिक मासाच्या वर्षीं बारांऐवजीं तेरा पगार द्यावे लागणार, आणि तिजोरींत तर खडखडाट! युरोपियन राष्ट्रांशीं व्यवहार सुकर व्हावा हा हेतु होताच. पण पगाराची ही अडचणहि एक कारण होती, असें ओकुमा शिगेनोबु या तत्कालीन मुत्सद्द्यानेंच पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. बाराव्या महिन्याची द्वितीया उलटली आणि तृतीयेच्या दिवशीं १ जानेवारी १८७३ उजाडली. ही गोष्ट मनांत असूं द्यावी. आतां ज्या संस्थांविषयीं मी बोलणार आहें त्या संपन्न राष्ट्रानें फुरसतीच्या वेळीं काढलेल्या नव्हत्या. एका महिन्याचा पगार वांचला तर बरें, अशी ज्या सरकारची स्थिति होती त्यानें त्या काढल्या.

आतां टोकिओंतील युशिमा या भागांत चलावें. ओचानोमिझु स्टेशनाजवळ तेथें 'सेइदो' नांवाचें कन्फ्यूशियसचें मंदिर आहे. पांचवा शोगुन त्सुनायोशि यानें तें १६९० सालीं या जागीं आणविलें. १७९७ पासून येथील पाठशाळा शोगुनांची अधिकृत विद्यापीठ बनली. सामुराइ घराण्यांतील मुलें तेथें चिनी धर्मग्रंथांचें अध्ययन करीत. नव्या राजवटींत ही पाठशाळा बंद झाली, आणि १८७१ मध्यें निर्माण झालेल्या शिक्षण मंत्रालयानें तिच्या आवारांत आपलें बिऱ्हाड थाटलें. त्याच आवारांत १८७२ या एका वर्षांत तीन संस्था जन्मल्या : एक संग्रहालय, एक ग्रंथालय आणि एक अध्यापकांची शाळा.

प्रथम संग्रहालय. चांद्र गणनेनें तिसऱ्या महिन्याच्या दशमीस, म्हणजे १७ एप्रिल रोजीं, मंदिराच्या आवारांत एक प्रदर्शन उघडलें. पुढील वर्षीं व्हिएन्ना येथें भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाची ही पूर्वतयारी होती. जुनीं भांडीं, शस्त्रें, चित्रें, पेंढा भरलेले प्राणी, खनिजें यांची तेथें दाटी झाली होती; पण लोकांची खरी गर्दी झाली ती नागोया किल्ल्याच्या शिखरावरून उतरविलेला सोन्याच्या खवल्यांचा मासा पाहावयास. वाघासारखें तोंड असलेला हा काल्पनिक जलचर, 'शाचिहोको', आजवर सामान्य माणसानें दुरून मान वर करूनच पाहिलेला. तो आतां हातभर अंतरावर! वीस दिवसांचें प्रदर्शन मुदत वाढवून महिन्याहून अधिक काळ चालवावें लागलें, आणि सुमारें १,५०,००० लोक तें पाहून गेले. प्रदर्शन संपल्यावर वस्तु गुंडाळून ठेविल्या नाहींत. ज्या तारखांच्या शेवटीं १ किंवा ६ हे अंक येतात त्या दिवशीं, म्हणजे महिन्यांतून सहा वेळां, त्या लोकांना दाखवाव्या असें ठरलें. टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना याच प्रदर्शनापासून मोजतात.

या उद्योगामागील प्रमुख पुरुष माचिदा हिसानारी हा सात्सुमा संस्थानचा सामुराइ. १८६५ सालीं तो विद्यार्थी-तुकडीसह इंग्लंडला गेला होता आणि लंडनचीं संग्रहालयें त्यानें डोळे भरून पाहिलीं होतीं. परत येऊन पाहतो तों स्वदेशीं उलटाच प्रकार चाललेला. शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याच्या सरकारी हुकुमानंतर १८६८ पासून ठिकठिकाणीं बौद्ध मंदिरांवर घाले पडले. मूर्ति फुटल्या, कांहीं जळणाच्या भावानें गेल्या. नव्या गोष्टींच्या हव्यासांत जुनें तें टाकाऊ ठरूं लागलें. प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा हुकूम १८७१ मध्यें निघाला. तो निघावा म्हणून खटपट करणाऱ्यांत माचिदा होता. १८७२ च्या उन्हाळ्यापासून माचिदा, पुराणवस्तूंचा जाणकार निनागावा नोरिताने, छायाचित्रकार योकोयामा मात्सुसाबुरो ही मंडळी क्योटो-नारा भागांतील मंदिरें हिंडलीं. नारा येथील शोसोइन या आठव्या शतकापासूनच्या भांडाराचीं कुलुपें उघडून आंतील वस्तूंच्या याद्या आणि छायाचित्रें त्यांनीं तयार केलीं. ज्या वर्षीं आगगाडी आली त्याच वर्षीं मोडक्या मूर्तींची मोजदाद झाली, ही गोष्ट मला आगगाडीइतकीच मोठी वाटते.

दुसरी संस्था ग्रंथालय. १८६२ सालीं शोगुनांनीं युरोपास पाठविलेल्या वकिलातींत इचिकावा नांवाचा एक सेवक होता. लंडनचें ग्रंथालय पाहून आलेल्या या माणसानें, लोकांसाठीं तसें ग्रंथालय काढावें, असा अर्ज नव्या सरकारकडे केला. १८७२ च्या सप्टेंबरांत 'शोजाकुकान', म्हणजे ग्रंथशाळा, त्या आवारांत उघडली. जुन्या पाठशाळेचीं पुस्तकें, जीं कालपर्यंत फक्त सामुराइ विद्यार्थ्यांच्या हातीं पडत, तीं आतां तेथें जाऊन सामान्य माणसाला वाचतां येऊं लागलीं.

तिसरी संस्था माझ्या जिव्हाळ्याची : अध्यापकांची शाळा. त्याच सप्टेंबरांत 'गाकुसेइ' हा शिक्षणाचा कायदा जाहीर झाला. शेतकरी असो, कारागीर असो, पुरुष असो वा स्त्री, प्रत्येकानें शिकलें पाहिजे, असें त्यांत बजावलें होतें. देशाचे ८ विद्यापीठ-विभाग, प्रत्येकांत ३२ माध्यमिक विभाग, आणि त्या प्रत्येकांत २१० प्राथमिक शाळा. एकूण ५३,७६० प्राथमिक शाळा! गणित सोपें होतें. पण शिकविणार कोण? म्हणून अध्यापकांची शाळा काढली आणि मॅरियन स्कॉट हा अमेरिकन शिक्षक नेमला. त्याला जपानी येईना, म्हणून त्सुबोइ गेन्दो हे दुभाष्याचें काम करीत. खोलींतील चटया उचलल्या, बांकें-खुर्च्या मांडल्या, भिंतीवर फळा आला. पूर्वीं गुरु एकेका मुलाला जवळ बोलावून ज्याचा त्याला धडा देत असे. आतां एकानें फळ्यावर लिहावें आणि साऱ्या वर्गानें एकदम शिकावें, ही रीत येथून देशभर गेली. विद्येची भाषा मात्र जपानीच राहिली. परकी पुस्तकें पुष्कळ आणविलीं, पण गांवोगांवच्या मुलांपुढें तीं भाषांतर होऊन आलीं.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं सारें सुरळीत झालें. तसें मुळींच झालें नाहीं. शाळा काढण्याचा हुकूम सरकारचा, परंतु खर्चाचा मोठा भार गांवावर. शिवाय दर मुलामागें महिना ५० सेन, म्हणजे अर्धा येन, फी आदर्श म्हणून ठरविलेली. ती शेतकऱ्याला झेपणारी नव्हती आणि बहुतेक ठिकाणीं त्याहून पुष्कळ कमी घ्यावी लागली. शेतांत राबणारा मुलगा शाळेंत गेला म्हणजे दोन हात कमी झाले, हा हिशोब आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावयास नको. सक्तीची लष्करभरती त्याच सुमारास आली. १८७३ सालीं कित्येक जिल्ह्यांत दंगे उसळले आणि जमावानें नव्या शाळांनाहि आगी लावल्या. त्या वर्षीं शाळेच्या वयाच्या शंभर मुलग्यांपैकीं सुमारें ४० आणि शंभर मुलींपैकीं सुमारें १५ एवढींच शाळेंत जात होतीं. कायद्याला झोंपडीचें दार ठाऊक नव्हतें, असेंच म्हणावें लागेल.

पण दुसरी बाजूहि आहे. मात्सुमोतो या गांवीं १८७६ मध्यें काइची शाळेची इमारत उभी राहिली. तातेइशि सेइजू हा स्थानिक सुतार टोकिओस जाऊन पाश्चात्य घरें पाहून आला आणि त्यानें आपल्या हातानें तशी इमारत उठविली. तिच्यावर मनोरा, आणि दर्शनीं भागावर देवदूतहि! खर्च सुमारें ११,००० येन आला, आणि त्यांतील सुमारें ७० टक्के गांवकऱ्यांनीं दिला. एकीकडे शाळा जाळणारीं गांवें आणि दुसरीकडे पोटाला चिमटा घेऊन शाळा बांधणारीं गांवें, दोन्ही त्याच देशांत, त्याच कायद्याखालीं. काइची शाळेची ती इमारत २०१९ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली.

खरी कसोटी पुढेंच होती. १८७६ च्या अखेरीस शेतकऱ्यांचे उठाव झाले. जमीनमहसूल शेंकडा ३ वरून अडीचवर आणणें सरकारला भाग पडलें, आणि जानेवारी १८७७ पासून खर्चाला कात्री लागली. लगोलग सात्सुमांत बंडहि पेटलें. अशा वेळीं प्रथम काय बंद पडतें? फेब्रुवारी १८७७ मध्यें दोन संस्था मोडल्या. एक, टोकिओची सरकारी मुलींची शाळा. तीहि १८७२ चीच. दुसरी, ग्रंथशाळा. या ग्रंथशाळेच्या नशिबीं आधींच बरेच फेरे आले होते. दोन वर्षांतच तिचीं पुस्तकें दुसऱ्या खात्यानें आसाकुसा येथें नेलीं, आणि १८७५ मध्यें शिक्षण मंत्रालयाला सुमारें १०,००० पुस्तकांनिशीं नव्यानें आरंभ करावा लागला. मंदिराच्या मुख्य सभागृहांतच वाचक बसत, आणि त्यांच्याकडून फी घेत नसत. तीच आतां पुनः बंद! परंतु टोकिओच्या शहर-प्रांताच्या कारभारानें ही पोरकी संस्था पदरीं घेतली, तीन वर्षें सांभाळली, आणि १८८० सालीं ती मंत्रालयाच्या स्वाधीन केली. पुढें १८८५ मध्यें ती उएनो येथें गेली. तिचाच ग्रंथसंग्रह १८९७ मध्यें शाही ग्रंथालय झाला, आणि १९४९ मध्यें संसदेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत विलीन झाला. तीन वर्षांच्या त्या सांभाळणुकीचें मोल काय, तें एका मुलीच्या चरित्रावरून सांगतों.

ही मुलगी २ मे १८७२ रोजीं टोकिओंत जन्मली, म्हणजे सोन्याच्या माशाचें तें प्रदर्शन चालू असतांनाच. मुलींची सरकारी शाळा बंद झाली तेव्हां ती चार वर्षांची होती. पुढें ती प्राथमिक शाळेंत गेली, पण अकराव्या वर्षीं आईनें तिला काढून घेतलें. मुलीच्या जातीला याहून अधिक शिक्षण काय कामाचें, अशी आईची समजूत. वडील वारले, घराचा भार तिच्यावर आला. शिवणकाम करावें, पुढें तर किरकोळ मालाचें लहानसें दुकानहि चालवावें, आणि सवड काढून उएनोच्या ग्रंथालयांत जाऊन वाचावें, असा तिचा क्रम. वाचनालयांत स्त्रिया विरळा. पण दार उघडें होतें. तिचें नांव हिगुचि इचियो. क्षयानें ती १८९६ मध्यें, अवघ्या चोविसाव्या वर्षीं वारली. परंतु तत्पूर्वीं तिनें लिहिलेल्या कथा जपानी वाङ्मयांत अढळ झाल्या. २००४ ते २०२४ या काळांत निघालेल्या ५,००० येनच्या नोटेवर तिचें चित्र होतें. त्यानंतरच्या नव्या नोटेवर आलेलें चित्रहि स्त्रीचेंच : त्सुदा उमेको हिचें. १८७२ सालीं सरकारनें अमेरिकेंत शिकावयास ठेवलेल्या पांच मुलींतील ती सर्वांत धाकटी. १९०० सालीं तिनें मुलींसाठीं उच्च शिक्षणाची शाळा काढली.

या साखळीचा एक दुवा आपल्या पुण्याशीं जुळतो. १९०१ सालीं नारुसे जिन्झो यांनीं टोकिओंत स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्याची माहिती देणारी पुस्तिका बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं अण्णासाहेब कर्वे यांना पाठविली. ती अण्णांच्या मनांत घर करून राहिली. डिसेंबर १९१५ मध्यें मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्यें तें काढलेंहि. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा. आरंभीं विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी मिळेपर्यंत, आणि नंतरहि, अण्णा दारोदार फिरत राहिले. संस्था जन्मली त्या दिवशीं टाळ्या पडल्या असतील. ती जगली ती या पायपिटीवर.

श्रोतेहो, आतां एक कबुली देऊन आपली रजा घेतों. मी होतों त्या एका शाळेंत पुस्तकांचें एक शिसवी कपाट होतें. त्यावर स्थापनेचें साल ठळक अक्षरांत रंगविलेलें होतें. किल्ली मुख्याध्यापकांच्या कोटाच्या खिशांत असे. पुढें ती माझ्या खिशांत आली. पुस्तक हरवलें तर पदरचे पैसे भरावे लागतील या धास्तीनें मींहि तें कपाट कित्येक वर्षें बंद ठेवलें. एके दिवशीं सातवींतील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, हें कपाट कधीं उघडतें?" मी सहज बोलून गेलों, "साहेब तपासणीला येतात तेव्हां." ती कांहीं न बोलतां जाग्यावर जाऊन बसली. ती शाळा सोडून गेल्यावर कपाट मीं उघडलें खरें. पण तिच्या उपयोगीं तें पडलें नाहीं.

म्हणून सांगतों, संस्था कोणत्या सालीं स्थापन झाली हें मुलांनीं अवश्य पाठ करावें. परंतु त्याबरोबर, तिचें दार कोणत्या वारीं, कोणासाठीं आणि कोणाच्या खर्चानें उघडतें, हेंहि विचारण्यास त्यांना शिकवावें. युशिमाच्या आवारांत पैसा थोडा होता, चुका पुष्कळ झाल्या. पण ज्या तारखांस १ आणि ६ येत त्या दिवशीं तेथील दार उघडत असे.